एरंडाच्या पानाखाली

अन्याय रोशनीवर झाला. गेल्या वर्षी, होळीच्या आधी आमचा आलापल्लीचा जो शेवटचा बाजार भरतो त्याच्या आदल्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आत, तिच्या गावातल्या शाळेच्या पटांगणात, मांडवाखाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. रोशनी तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून मी बोलते आहे.

मी पत्रकं लिहिते. वनहक्काची, रस्त्याची, बंद पडलेल्या हातपंपाची. पत्रकात नाव, वेळ आणि जागा पहिल्याच ओळीत लागते, नाहीतर वाचणारा त्याची पुडी करून फुटाणे खातो. त्या सवयीने इथेही तसंच लिहिलं. पण हे पत्रक नाही. पत्रक मी चहा गार व्हायच्या आत लिहिते. हे मात्र वर्षभर लिहून झालं नाही, कारण लिहायला बसलं की मला भीती वाटते, आणि घाबरलेल्या माणसाला घोषणा सुचत नाहीत.

या आठवड्यात मोह गळायला लागला. म्हणजे पुन्हा तोच मोसम. आधी मोहाचा गोडसर, डोक्यात चढणारा वास येतो आणि त्याच्या मागोमाग धूर. फुलं वेचायला जमीन साफ हवी, म्हणून लोक झाडाखालचा पालापाचोळा लोटतात आणि पेटवतात. सागाची मोठी वाळकी पानं चरचरत जळतात. सकाळच्या गारव्यात तो धूर वर जात नाही, माणसाच्या कंबरेइतक्या उंचीवर पसरून बसतो. कंबरेइतक्या उंचीवर कोण असतं? लेकरं असतात. मोहाच्या खालच्या फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळ्या असतात. आया वाकून फुलं वेचतात आणि झोळीतून खोकला येत राहतो. कोरडा, बारीक, टिपरी वाजवल्यासारखा. कुणी वळून बघत नाही, कारण खोकला येतोय म्हणजे लेकरू जागं आहे, जागेवर आहे. आई कानाने राखण करते. हात फुलांत, कान झोळीत.

त्यात आता रस्त्याची लाल धूळ. लोहखनिजाचे ट्रक दिवसभर चालतात. रस्त्याकडेच्या सागाची पानंसुद्धा हिरवी राहिली नाहीत, विटकरी झाली आहेत. दिवसा कडक ऊन, सूर्य कलला की गारठा. अशा दिवसांत आमच्याकडे लेकरांचा खोकला पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखा येतो. घरच्यासारखा येतो म्हणूनच त्याच्याकडे कुणी बघत नाही.

परवा बसथांब्याच्या भिंतीवर नवं पोस्टर लागलेलं दिसलं. ‘वनौषधी आरोग्य शिबिर’. खाली मोठ्या अक्षरांत ‘जंगलाचं ज्ञान, लेकरांचं आरोग्य’. आणि मधोमध फोटो. आईच्या मांडीवर बसलेली एक चिमुकली, कपाळावर काळी तीट, छातीवर एरंडाचं भलं मोठं हिरवंगार पान, पांढऱ्या चिंधीने बांधलेलं. फोटो चांगला आहे. उजेड नेमका पानावर पडलाय, शिरा मोजता येतील इतका.

ती रोशनी आहे. गेल्या वर्षीच्या शिबिरात काढलेला फोटो आहे तो.

मी तिथेच उभी राहिले. बस आली, गेली. मला त्या फोटोत काय दिसत होतं ते शेजारी उभ्या असलेल्या कुणालाच दिसत नव्हतं. फोटोत श्वास दिसत नाही ना.

*

आमच्या घरी अडुळसा दारातच आहे. अब्बांचं शिलाईचं दुकान म्हणजे घराची ओसरी, आणि ओसरीच्या कोपऱ्यावर ते झुडूप. लहानपणी माझ्या खोकल्याचा पहिला ठसका दुकानात ऐकू गेला की मशीनचा आवाज थांबायचा आणि अब्बा आत हाक मारायचे, “अवो, पोरीचा गळा बोलून राह्यला!” अम्मी पिकायला आलेली पानं तोडायची, धुवायची, एकावर एक रचून मोठ्या पानात गुंडाळायची आणि निखाऱ्याच्या कडेला भाजायला ठेवायची. भाजलेल्या पानांचा गोळा फडक्यात पिळला की काळपट हिरवा रस चमच्यात थेंबथेंब उतरायचा. त्यात मध. मला मध हवा असायचा आणि रस नको असायचा. अम्मीचं त्यावर एकच उत्तर असे: “मध एकटा येत नाई. सोबत्याले घेऊन येते.”

त्या कडूची याद अजून जिभेच्या मुळाशी आहे. रस पोटात गेला की थोड्या वेळाने छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. बेहड्याची भाजलेली साल गालात धरायला मिळायची, ती चघळत मी अब्बांच्या मशीनखाली चिंध्यांत बसायची. माझ्या मामीचं तान्हं खोकायला लागलं तेव्हा अम्मीने मधाची बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली होती. वर्षाच्या आतल्या लेकराला मध नाही, बोटभरसुद्धा नाही. हे तिला दवाखान्यातल्या नर्सने सांगितलेलं होतं आणि तिने ते मानलं होतं.

म्हणजे मी काढ्याची वैरी नाही. मी काढ्यावर वाढलेली आहे. पण आता आठवलं की अम्मीची आणखी एक सवय आठवते, जी तेव्हा माझ्या लक्षातही आली नव्हती. रस पाजण्याआधी ती माझी कुडती गळ्यापर्यंत वर करायची. मला गुदगुल्या व्हायच्या, मी हात झटकायची. ती म्हणायची, “थांब वो, पाहू दे.” काय बघायची ते तिने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. बघून झालं की कुडती खाली, आणि मग चमचा.

*

शिबिरात काय झालं ते मला सुनीताने सांगितलं. सुनीता म्हणजे रोशनीची आई. माझ्याच वयाची. तिचं गाव आलापल्लीपासून आत, जंगलाच्या रस्त्याने. आम्ही सामूहिक वनहक्काच्या सभांना शेजारी बसायचो, तेव्हापासूनची ओळख.

रोशनीला तेव्हा खोकला येऊन काही दिवस झाले होते. सुनीताच्या सासूने, जनाबाईने, घरचा इलाज केला होता. एरंडाचं पान तव्यावर गरम करायचं, त्याला मोहाच्या बियांचं तेल चोपडायचं आणि लेकराच्या छातीवर ठेवून चिंधीने घट्ट आवळायचं. वर झबलं. पान सुकलं की नवं पान, पण तेही अंगावर गोधडी घेऊन, आतल्या आत, चाचपत. छाती उघडी टाकायची नाही, उघडी टाकली की वारा लागतो. गरम पानाने लेकराला बरं वाटतं, कुरकुर थांबते. त्यात चूक काही नाही. आमच्या मुलखात कितीतरी छात्या या पानाने शेकल्या गेल्या आहेत.

शहरातून गाड्या आल्या. मांडव, सतरंजी, ध्वनिवर्धक. ‘आदिवासी बांधवांकडून आम्हीच शिकायला आलोय’ असं भाषण झालं. टाळ्या झाल्या. रांगेत सुनीता रोशनीला घेऊन उभी होती. पांढऱ्या कोटातल्या एकाने रोशनीचं झबलं वर केलं, पान पाहिलं आणि खूश झाला.

“अरे वा! एरंड! हे बघा, हे बघा, याला म्हणतात परंपरा,” असं म्हणून त्याने बाकीच्यांना बोलावलं. सगळे जमले. कुणी पानाला हात लावून बघितला, कुणी तेलाचा वास घेतला. सुनीताला झाडाच्या बाजूला, उजेडात बसायला सांगितलं. फोटो निघाला. मग अडुळशाच्या औषधाची बाटली हातात देऊन नमस्कार केला.

“मले तर बरं वाटलं बाई,” सुनीता म्हणाली होती. “सासूले आजपर्यंत कोणी येवढा मान नाई देल्ला. घरी येऊन म्हातारी सगळ्याइले सांगत फिरली, डाक्टरनं माह्या पानाचा फोटो नेला म्हनून.”

झबलं वर केलं होतं, हे लक्षात घ्या. एवढं अंतर उरलं होतं. एक पान.

*

दुसऱ्या दिवशी बाजार. होळीचे कपडे शिवून घ्यायची गर्दी असते, म्हणून अब्बा त्या दिवशी मशीन बाजारात नेतात, चिंचेखाली मांडतात. मी काजं-बटणं करायला बसते. सुनीता आली, कडेवर रोशनी, खांद्यावर फुलांच्या छापाचं कापड.

“जोहार टेलरभाऊ. फ्राक शिवा पोरीले. थोडा मोठाच शिवा, पुढच्या होळीलेबी आला पाह्यजे.”

“तुमचं बरं हाये,” अब्बा म्हणाले, “एका फ्राकात पोरीचं लगन लावसान तुम्ही. आना इकडे.”

रोशनी एरवी अब्बांची टेप ओढून घ्यायची, तोंडात घालायची. त्या दिवशी तिने मान आईच्या खांद्यावरून उचलली नाही. मी तिला बिस्किट दिलं, ते तिच्या मुठीतून गळून पडलं. तेव्हाच मला खटकलं, पण गर्दी होती, ऊन होतं, लेकरं किरकिरी होतातच.

अब्बांनी झबलं वर करून चिंधीच्या गाठीला हात घातला तशी सुनीता मागे सरली. “पान नोको सोडू भाऊ. सासू म्हणे वारा लागन.”

“मंग माप कोणाचं घेऊ? पानाचं का पोरीचं?”

सुनीता हसली. गाठ सुटली. सुकलेलं पान तेलाने छातीला चिकटलं होतं, अब्बांनी ते हलकेच सोलून काढलं आणि टेप छातीभोवती फिरवली.

टेप थांबेना.

अब्बा इतकी वर्षं मापं घेताहेत. लेकरू रडलं, पळालं, लाथ मारली, तरी त्यांची टेप एका जागी बसते आणि आकडा तोंडातून निघतो. त्या दिवशी आकडा निघाला नाही. टेपची दोन टोकं त्यांच्या चिमटीत पुढे-मागे, पुढे-मागे होत होती, भराभरा. मी वर बघितलं. अब्बांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी टेप सोडून दिली. आम्ही तिघंही तिच्या छातीकडे बघत राहिलो. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता. खोल. जणू आतून कुणीतरी कातडी ओढत होतं, सोडत होतं, पुन्हा ओढत होतं. नाकपुड्या फुलत होत्या. भर बाजारात, भज्यांच्या वासात, ते एवढंसं अंग एकटंच धावत होतं, आणि बसल्या जागी धावत होतं.

“ही काऊन अशी करून राह्यली?” अब्बा कुजबुजले.

“काल डाक्टरनं पाह्यलं ना भाऊ,” सुनीता म्हणाली. “फोटोबी काढला.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं.

*

तालुक्याच्या दवाखान्याचा रस्ता खरं म्हणजे फार नाही. अब्बांच्या ओळखीचा जीपवाला सवारी भरायची वाट न बघता निघाला. मशीन तसंच चिंचेखाली राहिलं, लोकांची कापडं तशीच राहिली. अब्बा पुढे, आम्ही मागे. आणि गावाबाहेर पडतो न पडतो तो ट्रकांची रांग. एकामागे एक, लाल मातीने माखलेले, इंजिनं चालू, हलायला तयार नाहीत. जीपवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

जीपमध्ये खोकला होता. मी तो ऐकत होते. त्या खोकल्याचा मला आधार वाटत होता, झोळीकडे कान लावून फुलं वेचणाऱ्या बाईला वाटतो तसा. खोकला, थोडं थांबणं, खोकला. मग थांबणं लांबलं. मग खोकला आलाच नाही.

सुनीताने वाकून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हळूच सुटल्यासारखं हसू आलं. “झोपली वाटते,” ती म्हणाली. “कालचं औषध लागू पडलं.”

मी रोशनीच्या नाकाखाली बोट धरलं. जीप इंजिनाने इतकी हादरत होती की श्वास लागतोय की माझंच बोट हलतंय ते कळेना. तिचे ओठ जांभळासारखे दिसत होते. मला सुनीताला सांगायचं होतं की ही झोप नाही. सभेत माईक हातात घेऊन अधिकाऱ्यांना उभं-आडवं विचारणारी मी, एका आईला तीन शब्द सांगू शकले नाही. अब्बा मात्र जीपमधून उतरले आणि ट्रकांच्या पुढे पळत गेले, पांढरी टोपी हातात घेऊन, ती हलवत, ओरडत. चड्डी-बनियनवरच्या ड्रायव्हरांना ते हात जोडत होते, शिव्या देत होते, पुन्हा हात जोडत होते. “मोकळा करा बे! लेकरू हाये! लेकरू हाये माह्यं!”

माह्यं म्हणाले ते. एका ट्रकवाल्याने चाक खाली मातीत उतरवलं, मग दुसऱ्याने. वाट झाली.

दवाखान्यात रोशनीला आमच्या हातातून घेतलं गेलं. नाकाला नळी लागली, हाताला सुई लागली. न्यूमोनिया. बराच वेळ कुणी आमच्याशी बोललं नाही. फक्त डॉक्टर बाईंनी बाहेर येऊन विचारलं, “छातीवर तेल आहे. पान बांधलं होतं ना? कोणी सोडलं?”

अब्बा उठून उभे राहिले, चोरी पकडल्यासारखे. “मी. फ्राकचं माप घ्यायचं होतं.”

डॉक्टर बाईंनी खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या, “बसा. पाणी प्या तुम्ही.” अब्बांची डावी मूठ तोवर आवळलेलीच होती. त्यांनी ती उघडली तेव्हा आत ते पान होतं, चुरगळलेलं, तेलकट.

रोशनी वाचली. आधी सांगितलं नाही, कारण मलाही ते आधी कळलं नव्हतं. रात्र सरून सकाळ झाली, ती रडली, मोठ्याने, रागाने, सुई बघून. तेव्हा कळलं.

*

पोस्टर बघितल्यावर मी शिबिरवाल्यांना गाठलं. या वर्षीचा मांडव ठरवायला आलेला गृहस्थ सभ्य होता. त्याने मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

“ताई, तुमचा गैरसमज होतोय. आमचं टेबल औषधवाटपाचं होतं. तपासणीचं टेबल वेगळं होतं.”

“आणि फोटोचं?”

“फोटो काय, सगळीकडेच काढतात.” मग टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या सरळ मांडत, “तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात आहात का?”

मला त्याच्या टेबलावरच्या सगळ्या बाटल्या जमिनीवर आदळाव्याशा वाटल्या. आयुर्वेदाच्या विरोधात? वैद्य म्हणवणारा माणूस आधी नाडी धरतो, जीभ बघतो, डोळे बघतो, छातीला कान लावतो. औषध शेवटी येतं. तुम्ही पानाला नमस्कार केलात आणि पोरीला पुढे ढकललंत. तुम्हाला आमच्या जंगलात ज्ञान दिसतं, वारसा दिसतो, उजेडातल्या पानाच्या शिरा दिसतात. आजारी लेकरू दिसत नाही. ‘यांना सगळं माहीत असतं’ असं म्हटलं की गावातल्या बंद आरोग्य उपकेंद्राचं कुलूप कुणी उघडायचं हा प्रश्नच उरत नाही, हे किती सोयीचं आहे! हे मी बोलले, आवाज चढवून बोलले. तो म्हणाला, “पोस्टर काढून टाकू.” अजून काढलेलं नाही.

जनाबाईकडे जायला मात्र मला धीर करावा लागला. ती अंगणात मोह वाळत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “माह्या पानानं नात मरत होती, असं म्हन ना तोंडावर.”

“पान वाईट नाई वो बाई.”

“मंग काऊन आली?”

“पानाखाली कोणी पाह्यलं नाई, म्हनून आली.”

तिने फुलं पसरली, पुन्हा गोळा केली, पुन्हा पसरली. रोशनी तिथेच त्या फुलांच्या छापाच्या फ्रॉकमध्ये कोंबडीच्या मागे धावत होती. फ्रॉक अजून मोठाच होतो तिला. मध्येच थांबून ती खोकली. दोनदा. सुनीता चुलीजवळून उठली, ओले हात लुगड्याला पुसले, पोरीला पकडलं, पायरीवर उन्हात आणलं आणि फ्रॉक गळ्यापर्यंत वर केला. रोशनी खिदळत होती. सुनीता तिला दूध प्यायला लावून, शांत करून बघत बसली. म्हातारी मान लांबवून बघत होती.

“मले बारीक दिसत नाई आता,” जनाबाई म्हणाली. “सुनेनं पाहावं, मंग मी बांधतो.”

छाती सपाट होती, संथ होती. साधा खोकला. तरी निघण्याआधी मी फ्रॉक वर करून पुन्हा एकदा बघितलं.

ही भीती जात नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही. बसमध्ये कुणाच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं लेकरू खोकलं की मी मागे वळते. अनोळखी बाईला म्हणते, जरा झबलं वर कराल का? बायका वेड्यासारखं बघतात माझ्याकडे. एकीने विचारलं, “तू कोण वो, डाक्टरीण?” मी म्हटलं, “नाई. टेलरची पोरगी.” तिने हसत वर केलं.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या घरात, शेजारी, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या कडेवर, कुठेतरी एक लेकरू खोकत असेल. मोसमच तो आहे. अडुळसा द्या, तुळस द्या, वर्षावरचं असेल तर मध द्या, गरम पान बांधा. पण त्याच्या आधी गाठ सोडा. गोधडी काढा, उजेडात आणा, लेकरू शांत असताना त्याची उघडी छाती मिनिटभर बघा, मनात दुसरं काही न आणता. श्वास भराभर चालत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ते पीत नसेल, खोकला थांबून ते नुसतंच पडून असेल, तर उकळत असलेलं भांडं चुलीवरून उतरवा आणि दवाखान्याची वाट धरा. काढ्याचा नाहीतर बाटलीचा गुण यायची वाट बघू नका.

हे वाचून मान डोलावू नका. कागद खाली ठेवा, उठा, आणि बघून या.